मूळ काच कुठे गेली?

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

अक्कलकोटला एस.टी. स्टँडवरून वटवृक्ष मंदिराकडे निघालं की वाटेत तसबिरींची दुकानं लागतात. महाराज तेच, बसण्याची ढबही तीच. पण एका तसबिरीत वर्ण गोरापान, दुसरीत गव्हाळ, तिसरीत चेहऱ्यामागं तेजाचं वलय. गेल्या खेपेला भाचा बरोबर होता. त्यानं नुकताच कॅमेरा घेतलाय, हौस दांडगी. म्हणाला, "मामा, हे सगळे एकाच फोटोवरून केलेत ना? मलाही एक एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. कोणतं घेऊ?"

सरळ एखादं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्या तसबिरींसमोर उभं राहून ते काही जमेना.

स्वामी समर्थांनी १८७८ साली देह ठेवला. त्यांच्या हयातीतला म्हणून जो फोटो घराघरांत पूजला जातो, तो कोडॅक कॅमेऱ्यानं काढला असं पुष्कळदा सांगितलं जातं. श्रद्धेच्या वाटेला मी जात नाही, तारखा तेवढ्या पाहू. १८७८च्या एप्रिलमध्ये जॉर्ज ईस्टमन हा तेवीस वर्षांचा तरुण अमेरिकेत रॉचेस्टरच्या एका बँकेत कारकून होता. कोडॅक हे नाव आणि तो कॅमेरा बाजारात आला १८८८ साली. म्हणजे हयातीतला फोटो कोडॅकचा असू शकत नाही.

तो काळ ओल्या काचेचा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ती रीत जाहीर केली आणि तीनच वर्षांनी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकायला हवं. त्यामुळं गावोगाव जाणारा फोटोग्राफर अंधारा तंबू, बाटल्या, काचा असं बिऱ्हाडच घेऊन हिंडे. १८७१ साली रेल्वे सोलापूरपुढं रायचूरला जाऊन भिडली, तेव्हा या बिऱ्हाडाची अक्कलकोटच्या आसपासपर्यंत तरी सोय झाली.

या काचेला एक खोड होती. निळा रंग तिला चटकन दिसे, तांबडा आणि भगवा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळं आकाश पांढरंफटक येई, कुंकू काळं येई आणि उन्हातली तांबूस कातडी असेल त्यापेक्षा सावळी दिसे. तेव्हा अशा फोटोवरून कुणाचाही वर्ण ठरवता येत नाही. दुकानातल्या प्रत्येक रंगवणाऱ्यानं ती रिकामी जागा आपापल्या मनानं भरली, इतकंच.

आणि हे भरण्याचं काम संगणकानं सुरू केलेलं नाही. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फश्टेंगल यांनी एकाच चेहऱ्याचे दोन फोटो मांडले होते, एक जसाच्या तसा आणि एक निगेटिव्हवर हात फिरवलेला. पुढं आपल्याकडच्या स्टुडिओंतही हे काम चाले. खिडकीपाशी तिरकं मेज, त्यावर निगेटिव्ह, हातात सुईसारखी तासलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सुरकुती ही पारदर्शक रेघ असते. ती शिशानं भरली की छापताना तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर सुरकुती नाहीशी! मात्र मूळ काच आता पहिल्यासारखी राहिलेली नसे.

माझ्या आजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. त्यांचा एकुलता एक मोठा फोटो जुना झाला, म्हणून आम्ही एका स्टुडिओत नवा करायला दिला. नवा आला तो झकास. अंगात कोट, गाल गुळगुळीत, केस काळेभोर. आजीनं तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे कोण?" मूळ फोटो मागायला गेलो तर तो गहाळ झालेला. स्टुडिओवाल्यानं मन लावून काम केलं होतं, हे आणखीच वाईट.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. टॉमस आणि जॉन नॉल या भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. त्यातल्या डॉज आणि बर्न या खुणा थेट डार्करूममधल्या आहेत: तारेवरची चकती आणि उजेड अडवणारी हाताची मूठ. पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या नंतरच्या दोन गोष्टी. १९९४ साली लेयर आले, म्हणजे मूळ चित्राला हात न लावता त्यावर पारदर्शक कागद ठेवून काम करण्याची सोय. आणि १९९८ साली हिस्टरी आली. तोवर एकच पाऊल मागं घेता येई. पेन्सिलवाल्याला तेही येत नव्हतं.

तेव्हा मी भाच्याला विचारलं ते एवढंच: मूळ फाइल शाबूत राहते का, आणि सॉफ्टवेअर बंद पडलं तर तुझं काम उघडेल का? पिकासा गूगलनं फुकट दिलं, हौशी लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि २०१६ साली ते बंद झालं. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३पासून भाड्यानं घ्याव्या लागतात. लाइटरूम मूळ फाइलला हात लावत नाही, हा त्याचा मोठा गुण, पण पैसे तिथंही आहेत. गिंप १९९६पासून फुकट मिळतं. शिकायला जरा किचकट, पण हौशी माणसाला पुरून उरतं. शिवाय त्याची फाइल उघडायला कुणाला भाडं द्यावं लागत नाही. भाच्यानं तेच घेतलं.

मध्यंतरी आमच्या घरात एका लग्नातला ग्रुप फोटो सापडला. मागच्या रांगेत आजोबा, चेहरा हरभऱ्याएवढा. भाच्यानं मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये तो घातला. ही नवी ॲप चेहरा नुसता मोठा करत नाहीत, जे दिसत नाही ते अंदाजानं रचतात. क्षणात डोळे, भुवया, दातसुद्धा आले. गाल गुळगुळीत.

भाच्यानं तो पुसला. मग तो ग्रुप फोटो स्कॅन करून दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवला आणि गिंपमध्ये उघडून फक्त मधली घडीची रेघ बुजवली, तीही वेगळ्या लेयरवर. आजोबांच्या चेहऱ्यावर आता काही ठिपके दिसतात. ते देवीचे व्रण आहेत की कागदावरचे डाग, ते कळत नाही. तिथं आम्ही हात लावलेला नाही.