पिठा, गुत्ता, परमिट रूम, ब्रूपब

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते, आणि तेथून खंबाटकी घाटापर्यंतचा मुलूख म्हणजे खंडाळा तालुका. लोणावळ्याजवळचे खंडाळे निराळे. हे खंडाळे साताऱ्याचे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात शिरते ती याच तालुक्यात, आणि मुक्कामाला लोणंदला येते. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव हेही याच तालुक्यातले. वारकऱ्यांची माळ आणि सावित्रीबाईंचा वारसा लाभलेल्या या भूमीवरून पुण्यातल्या ब्रूपबचा विचार करणे काहींना विचित्र वाटेल. पण ज्या गोष्टीला ‘स्थानिक’ म्हटले जाते, ती कोणत्या स्थानावरून पाहिली जात आहे हे आधी सांगावे, असे आम्हांला वाटते.

ब्रूपब म्हणजे जिथे बिअर तयार होते तिथेच ती प्यायला मिळते, असे भोजनगृह. गेल्या दीड दशकात पुण्या-मुंबईत ही संस्था चांगलीच रुजली. आमचे माजी विद्यार्थी तेथे जातात, सहकारी जातात, आणि प्रसंगी आम्हीही गेलो आहोत. एका बाजूला काचेपलीकडे पोलादी पिंपे, दुसऱ्या बाजूला टेबलावर थालीपीठ नाहीतर तांबडा-पांढरा रस्सा, आणि या दोहोंच्या मध्ये ‘आपल्या मातीतले’ असा दावा. हा दावा कितपत खरा, हे ठरवायचे तर मद्य पिण्याच्या जागेला मराठीने आजवर कोणकोणती नावे दिली ते पाहणे उपयोगी पडेल.

जुना शब्द पिठा. दारूचा पिठा म्हणजे विक्रीचे ठिकाण. दुसरा शब्द गुत्ता. आज तो ऐकताच अंधारी खोली आणि उग्र दर्प आठवतो. पण त्याचा मूळ अर्थ मक्ता, ठेका असा आहे, आणि कानडीतल्या ‘गुत्तिगे’शी त्याचे नाते उघड आहे. सरकारला ठरावीक रक्कम भरून एखाद्या भागातल्या दारूचा एकाधिकार घ्यायचा, तो गुत्ता. कराराचे नाव पुढे जागेला चिकटले. कोण बसतो, काय बोलतो, काय खातो याच्याशी त्या नावाचा संबंध नाही. वसूल कोणाच्या पदरात पडतो, एवढेच ते सांगते. ‘अबकारी’ हा फारसी शब्दही याच दफ्तरातून आलेला.

याहून फार जुना शब्द अर्थशास्त्रात आहे : पानागार. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात त्याचे वर्णन केले आहे. अनेक खोल्या, वेगवेगळी आसने व शय्या, गंध, माळा, पाणी, आणि सर्व ऋतूंत सुखकर अशी व्यवस्था. तेथेच ‘मेदक’ नावाच्या पेयाची कृती येते : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. धान्य आंबवून केलेले हे पेय जातकुळीने बिअरच म्हटली पाहिजे. आजच्या विज्ञानाच्या पुस्तकांतला ‘किण्वन’ हा शब्द याच किण्वातून आला आहे. किण्व गोळा करण्याचे काम कौटिल्य स्त्रियांकडे व मुलांकडे सोपवतो. कुटुंबांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा करण्याची मुभा देतो, आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलतही सांगतो. अर्थात तो काही उदारमतवादी नव्हे. पानागारात हेर ठेवायलाही तो विसरत नाही. पण त्याच्या व्यवस्थेत राज्याच्या पानागाराबरोबर घराच्या चुलीलाही जागा होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पेशवाईत धोरण निषेधाचे होते, पण निषेध सर्वांना सारखा नव्हता. पेशव्यांच्या रोजनिशींवर १९०० साली लिहिलेल्या प्रस्तावनेत न्यायमूर्ती रानडे यांनी त्याकडे लक्ष वेधले आहे. वसई प्रांत जिंकल्यावर भंडारी, कोळी आदींच्या बाबतीत बंदी सैल करण्यात आली. ब्राह्मण, प्रभू व सरकारी नोकर यांच्यावर मात्र ती राहिली. कोणी काय प्यावे हे जातीवरून ठरत होते. इंग्रजी अमलात ते तिजोरीवरून ठरू लागले. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणे व ताडी काढणे गुन्हा ठरले, आणि उत्पादन ठरावीक भट्ट्यांकडे एकवटत गेले. १८९२च्या मोहवा कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. झाडाखाली पडलेले फूल वेचणारी आदिवासी बाई त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत संशयित झाली.

याच काळात दारूच्या दुकानांना विरोध उभा राहत होता, आणि तो केवळ सोवळ्यातून आलेला नव्हता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. वाढत्या दारूच्या दुकानांबद्दल त्यांनी १८८० मध्ये लेखी हरकत घेतली. सावित्रीबाईंच्या नावे १८९२ साली छापल्या गेलेल्या भाषणांत ‘व्यसने’ हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि त्याच संग्रहात ‘कर्ज’ हाही विषय आहे. हे दोन विषय एकाच पुस्तकात यावेत यात आम्हांला योगायोग दिसत नाही. शूद्रातिशूद्रांच्या घरात गुत्ता कोणत्या वाटेने शिरतो आणि त्याच्यामागोमाग कोण येतो, हे फुले दांपत्याने जवळून पाहिले होते. सरकारचा महसूल आणि सावकाराची वही यांच्या मध्ये सापडलेल्या कुटुंबाच्या बाजूने तो विरोध होता.

साहित्यात या प्रश्नाने सर्वांत मोठी जागा घेतली ती ‘एकच प्याला’मध्ये. गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले. वर्गात ते शिकवताना आपण सुधाकराच्या ऱ्हासावर आणि सिंधूच्या पातिव्रत्यावर भर देतो. तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’कडे मात्र विनोदाचा भाग म्हणून पाहून पुढे जातो. वास्तविक ते मंडळ नीट पाहिले पाहिजे. सभा, समाज आणि मंडळ्या यांनी गजबजलेल्या काळात गडकऱ्यांनी पिणाऱ्यांनाही एक संस्था देऊ केली, आणि तिच्या तोंडी सुधारणेचीच भाषा घातली. एकत्र बसून पिण्याला सार्वजनिक रूप येऊ शकते, ही कल्पना आमच्या रंगभूमीवर इतक्या ठसठशीतपणे आली ती विडंबनाच्या रूपाने, आणि तिची किंमत घरातल्या सिंधूने मोजली. त्यामुळे इंग्रजी कादंबरीतल्या खाणावळवजा मद्यगृहासारखी, गावाच्या गप्पांची आणि ओळखीपाळखीची जागा मराठी लेखनात सहजासहजी आढळत नाही. आमच्याकडे ते काम पार, चावडी, देऊळ, आणि पुढे चहाचे हॉटेल यांनी केले.

तिसरे नाव कायद्याने दिले. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा पुढच्या वर्षी राज्यभर लागू झाला. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्द केली, पण कायदा उभा राहिला. बंदीच्या त्या काळात ताडीला पर्याय म्हणून न आंबलेल्या नीरेचा सरकारने प्रसार केला. खंडाळ्याच्या सीमेवरच्या नदीचे आणि या पेयाचे नाव एकच, ही निव्वळ गंमत. दुसरीकडे ‘हातभट्टी’ हा शब्द घरोघर पोचला. पुढे साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, तरी कायदा रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात मद्यपानाला नियंत्रित करणारा कायदा दारूबंदीचाच आहे, आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा ही त्याची अपेक्षा आहे. म्हणून जागेचे नाव पडले परमिट रूम. गुत्ता मक्तेदाराचा होता, परमिट रूम परवान्याची झाली. दोन्ही नावांत पिणारा माणूस नाही.

या पार्श्वभूमीवर २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या क्राफ्ट बिअरची सुरुवात साधारणपणे येथून धरतात. तिचे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजी फौजेचा तळ होता. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने पडून राहत. ऊन, हिवताप आणि रिकामपण यांनी डोके फिरलेल्या शिपायासाठी इंग्रजी बोलीत ‘डूलाली टॅप’ हा प्रयोग रूढ झाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आमच्या गावाचे नाव शिपायांच्या बोलीत बिघडले, विलायतेला गेले, आणि शतकानंतर पुण्याच्या पाटीवर परत आले. ‘इंडिया पेल एल’ या बिअरचीही कथा अशीच आहे. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांसाठी जहाजाने येणाऱ्या फिक्या रंगाच्या बिअरला एकोणिसाव्या शतकात हे नाव मिळाले. नावात हिंदुस्थान, पण ती हिंदुस्थानची कधीच नव्हती.

मग ब्रूपबमध्ये स्थानिक काय असते? बार्लीला मोड आणून, वाळवून, भरडून माल्ट करतात. ते गरम पाण्यात ठेवून त्यातली साखर उतरवतात. तो रस हॉप्ससह उकळतात. गार करून त्यात किण्व घालतात, आणि काही दिवस-आठवडे आंबू देतात. ‘हेफेवाइझेन’ या नावाने मिळणारी गढूळ बिअर म्हणजे शब्दशः किण्व आणि गहू. हॉप्सची वेल आमच्या हवेतली नव्हे, आणि बिअरच्या जातीही जर्मनी, बेल्जियम, इंग्लंडच्या. स्थानिक म्हणायचे ते पाणी, करणाऱ्याचा हात, आणि ताजेपणा. बाटलीत भरून दूर न्यायची नसल्यामुळे ती घाईने टिकाऊ करावी लागत नाही. हे गुण लहान नाहीत. कारखान्यातल्या एकसुरी बिअरपेक्षा येथे चव आहे, करणाऱ्याला आपल्या कामाचा अभिमान आहे, आणि प्यायला बसलेल्यांना गप्पांसाठी उजेड आहे.

पण मातीचा दावा खरा ठरतो तो ताटात. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा हे एकेकाळी गरिबीचे किंवा निदान रोजचे अन्न. शहरात ते आज मानाने वाढले जाते, आणि याचा आम्हांला आनंदच आहे. प्रश्न असा की, भाकरीला जे मिळाले ते मोहाला आणि ताडीला का मिळाले नाही? आंबील अजून आमच्या घरांत होते. धान्य आंबवण्याची विद्या हरवलेली नाही. पण १८७८ पासून घरच्या व रानच्या मद्यावर गुन्ह्याचा शिक्का बसला, आणि ते करणाऱ्यांचे ज्ञान हातभट्टीच्या विषारी धंद्यात विरून गेले. सरकारी वर्गवारीत आजही एकीकडे ‘देशी दारू’ आणि दुसरीकडे ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ आहे. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूची बोंडे व मोहाची फुले यांपासूनच्या मद्याला वरचा दर्जा देण्याचे ठरवले, तेव्हा तो दर्जा ‘विदेशी’चा होता. मोहाला प्रतिष्ठा मिळायची तर आधी परदेशी व्हावे लागते. नावांच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग आम्हांला माहीत नाही.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख हरवलेल्या पेयांबद्दलचा हळहळलेख झाला असता. खंडाळ्यावरून पाहताना तसे थांबता येत नाही. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावपातळीवर ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाने दुकान बंद करण्याचा हक्क बायकांच्या हाती आला, आणि सातारा जिल्ह्यातही अशी मतदाने झाली. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर व्यसनमुक्तीच्या कामाबरोबरच धान्यापासून मद्यार्क काढण्याच्या सरकारी धोरणाविरुद्धही बोलत राहिले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारूविक्री हटवण्याचा आदेश दिला. महामार्गावरच्या खंडाळ्यासारख्या गावांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. या सर्वांना ‘सनातनी’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्यांची परंपरा नायगावच्या सावित्रीबाईंची आहे.

ब्रूपबमध्ये मैत्रिणी एकत्र बसून जेवतात, एखादा पेला घेतात, आणि कोणाकडेही न पाहता हसतात. गुत्त्यात आणि परमिट रूममध्ये हे शक्य नव्हते. सिंधूच्या नाटकापासून शंभर वर्षांत झालेला हा बदल आम्ही कमी लेखत नाही. बाटली आडवी करणारी बाई आणि ब्रूपबमध्ये बसलेली तरुणी या दोघी एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत, असे मानण्याचे कारण नाही. पहिलीने घराबाहेरच्या जागेवर मत मांडले, दुसरी त्या जागेत जाऊन बसली. पहिलीला नकाराचा हक्क मिळाला म्हणून दुसरीचा होकार तिचा स्वतःचा ठरतो. फरक आहे तो ऐपतीचा. ब्रूपबमधला एक पेला महिन्याच्या किराण्यावर घाला घालत नाही, अशा घरातून दुसरी आलेली असते.

म्हणून ब्रूपबला अजून मराठी नाव मिळालेले नाही, याचे आम्हांला वाईट वाटत नाही. मधुशाला, मद्यशाळा हे शब्द कोशातले. कोणी ते बोलत नाही. जागेला बोलीतले नाव मिळते ते अनेक थरांतले लोक तिथे जाऊ लागल्यावर, जसे ते चहाच्या ‘अमृततुल्य’ला मिळाले. जेथे मोह वेचणारीच्या कसबाला दाम मिळेल, भाकरी थापणारीला परकेपणा वाटणार नाही, आणि नको म्हणणाऱ्या गावाचा शब्द पाळला जाईल, अशी जागा झाली तर तिचे नाव लोकच पाडतील. तोवर आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच सुचवू की, पाटीवरचे ‘स्थानिक’ वाचताना त्याखालचा गुत्ताही वाचावा.