मौनाची शिक्षा

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांनीही बहुधा सिनेमाच्या पडद्यावरच पाहिलेला असतो. तरीही या दिवाळीत वाचकांना एका बेसबॉलपटूची हकीकत सांगायची आहे. हकीकत खेळाची असली, तरी तिच्या पोटातला प्रश्न आपल्या घरात, कचेरीत आणि गावच्या चावडीवर नेहमी उभा राहतो. दुष्कृत्य करणारा दोषी, हे उघडच आहे. पण ज्याला ते आधी कळले, ज्याने त्यात भाग घेतला नाही आणि वाचाही फोडली नाही, त्याच्या पदरात काय घालायचे?

आधी खेळाची थोडी तोंडओळख करून घेऊ. बेसबॉलचे मुख्य मैदान शंकरपाळ्याच्या आकाराचे असते. शंकरपाळ्याच्या एका टोकाशी फलंदाज उभा राहतो. चेंडू टोलवून त्याने उरलेल्या तीन टोकांना, म्हणजे 'बेसां'ना, क्रमाने पाय लावायचा आणि पुन्हा मूळ टोकाला यायचे, की एक धाव झाली. एका टोकापासून पुढच्या टोकाचे अंतर ९० फूट. या शंकरपाळ्याच्या कडेने चार क्षेत्ररक्षक पहारा देतात. त्यांना 'इनफिल्डर' म्हणतात. तिन्ही बेसांपाशी एकेक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी चौथा. या चौथ्याचे नाव 'शॉर्टस्टॉप'. यातले तिसऱ्या बेसवरचे काम मोठे छातीचे. उजव्या हाताच्या फलंदाजाने ओढून मारलेला चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा अंगावर येतो आणि विचार करायला क्षणाचीही सवड नसते.

आपला कथानायक याच जागेवरचा. त्याचे नाव जॉर्ज डॅनियल वीव्हर. पण सारी अमेरिका त्याला 'बक' म्हणत असे. १८९० साली पेनसिल्व्हेनिया राज्यात त्याचा जन्म झाला आणि १९१२ मध्ये तो 'शिकागो व्हाइट सॉक्स' या नामांकित संघात दाखल झाला. आरंभ मात्र काही शुभ नव्हता. पहिल्या हंगामात शॉर्टस्टॉपच्या जागेवर त्याच्या हातून ७१ चुका झाल्या, आणि फलंदाजीतही तो कच्चाच ठरला. दुसरा एखादा गाशा गुंडाळून घरी गेला असता. बकने तसे केले नाही. मुळात उजव्या हाताने खेळणारा हा गडी पुढे डाव्या बाजूनेही बॅट चालवायला शिकला. क्षेत्ररक्षणात तर त्याने एवढी मजल मारली की, चेंडू हलकेच पायाशी टाकून पळ काढण्यात पटाईत असलेला टाय कॉबसुद्धा बकसमोर ती युक्ती करायला धजत नसे, असे सांगतात. धुळीने माखलेले कपडे आणि चेहऱ्यावर हसू, असा हा गडी शिकागोच्या पोरासोरांचा लाडका झाला. १९१७ साली व्हाइट सॉक्सने न्यूयॉर्क जायंट्सना हरवून अजिंक्यपद मिळवले, तेव्हा बक संघात होता.

पण या वैभवाला आतून कीड लागलेली होती. त्या काळी खेळाडूंच्या करारात असे एक कलम असे की, मालकाने सोडल्याखेरीज खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. मालक देईल तो पगार घ्यायचा, नाहीतर घरी बसायचे. व्हाइट सॉक्सचे मालक चार्ल्स कॉमिस्की हे हात आखडता ठेवणारे गृहस्थ म्हणून खेळाडूंत बदनाम होते. त्यात मैदानाभोवती सट्टेबाजांचा सुळसुळाट. सामने विकले जातात अशी कुजबुज असे, पण तिचा पाठपुरावा होत नसे. हॅल चेस नावाच्या प्रसिद्ध खेळाडूवर त्याच्याच संघाच्या व्यवस्थापकाने असा आरोप केला. चौकशी झाली, आणि १९१९ च्या आरंभी चेस निर्दोष सुटून दुसऱ्या मोठ्या संघात रुजूही झाला! बोलणाऱ्याच्या हाती काय लागते, हे सर्व खेळाडूंनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

त्याच वर्षाच्या शरद ऋतूत अजिंक्यपदाच्या मालिकेत व्हाइट सॉक्सची गाठ सिनसिनाटी रेड्सशी पडायची होती. पहिल्या बेसवरचा चिक गँडिल याने काही सोबत्यांना गोळा केले आणि सट्टेबाजांशी संधान बांधून मालिका हरण्याचा बेत रचला. या बैठकींना बक वीव्हर हजर होता. बेत त्याने कानांनी ऐकला. त्याने होकार दिला नाही, पैसा घेतला नाही. पण बाहेर येऊन कुणाला चकार शब्दही सांगितला नाही.

१ ऑक्टोबर १९१९ रोजी पहिला सामना झाला. व्हाइट सॉक्सचा गोलंदाज एडी सिकॉट याने रेड्सच्या पहिल्याच फलंदाजाच्या पाठीत चेंडू घातला. बेत पक्का असल्याची ती सट्टेबाजांना ठरलेली खूण होती. आठ सामन्यांत रेड्सने ५–३ अशी मालिका जिंकली. या आठही सामन्यांत बक कसा खेळला? त्याने ११ फटके यशस्वी केले आणि त्याची सरासरी .३२४ झाली. दहा वेळांत तीन वेळा ज्याला फटका साधतो, तो बेसबॉलमध्ये उत्तम फलंदाज. बक त्याच्याही पुढे होता. क्षेत्ररक्षणात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. भोवतालचे काही सोबती हरण्यासाठी खेळत होते, हा एकटा जिंकण्यासाठी झुंजत होता, आणि खरे काय चालले आहे ते त्याला ठाऊक होते! त्या आठ सामन्यांत त्याच्या मनात काय चालले असेल, कोण जाणे.

पाप वर्षभर झाकले गेले. १९२० च्या हंगामात तिशीतला बक आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळत होता. सप्टेंबर महिन्यात शिकागोत चौकशी सुरू झाली. सिकॉट आणि जो जॅक्सन यांनी २८ तारखेला कबुली दिली आणि संघ अजिंक्यपदाच्या शर्यतीत असतानाच संशयित खेळाडूंना निलंबित करण्यात आले. व्हाइट सॉक्स म्हणजे पांढरे मोजे; लोकांनी त्यांचे 'ब्लॅक सॉक्स', काळे मोजे, असे नवे बारसे केले.

१९२१ च्या उन्हाळ्यात खटला चालला. आपला खटला इतरांपासून वेगळा चालवावा, अशी बकची मागणी होती. ती मान्य झाली नाही. २ ऑगस्टला पंचांनी सर्वांना निर्दोष ठरवले आणि कोर्टात जल्लोष झाला. पण तो आनंद एका रात्रीचाच ठरला. बेसबॉलची अब्रू सावरण्यासाठी मालकांनी केनेसॉ माउंटन लँडिस या करड्या न्यायाधीशाला कमिशनर नेमून सर्वाधिकार दिले होते. कोर्टाचा निकाल काहीही असो, असे सांगून त्यांनी आठही जणांना जन्मभरासाठी खेळाबाहेर काढले. त्यांच्या निवेदनात जणू बकसाठीच एक वाक्य होते. सामना विकणाऱ्यांच्या बैठकीत जो बसतो आणि ती गोष्ट ताबडतोब आपल्या संघाला कळवत नाही, तोही पुन्हा कधी खेळणार नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते.

पुढची पस्तीस वर्षे बक शिकागोतच राहिला. मोठ्या मैदानाची दारे बंद झाली, तेव्हा तो लहानसहान संघांतून खेळला. पोटासाठी त्याने औषधांच्या दुकानात काम केले, रंगाऱ्याचे काम केले. आणि दैवाची थट्टा पाहा, घोड्यांच्या शर्यतीवर पैजा घेणाऱ्या खिडकीतही तो बसला. पुन्हा पुन्हा तो अर्ज करी. त्याचे म्हणणे एकच होते: मी एक पैसाही घेतला नाही आणि जिंकण्यासाठीच खेळलो. लँडिस बधले नाहीत. १९४४ साली ते वारले. १९५३ मध्ये बकने त्या वेळच्या कमिशनरना पुन्हा पत्र धाडले. त्याचाही उपयोग झाला नाही. ३१ जानेवारी १९५६ रोजी शिकागोच्या रस्त्यावर चालता चालता हृदयविकाराने त्याचा प्राण गेला.

आता आपण न्याय करायला बसू या. लँडिस यांची बाजू काही पोकळ नव्हती. बकने वेळीच एक शब्द उच्चारला असता, तर कदाचित मालिका वाचली असती आणि त्याचे काही सोबतीही पापातून वाचले असते. कौरवांच्या सभेत द्रौपदीची विटंबना होत असताना भीष्मांनी काही तिच्या पदराला हात घातला नव्हता. तरी आपण भीष्मांना त्या दिवसाची माफी अजून दिलेली नाही. आणि धृतराष्ट्राचाच मुलगा असून जो उठून बोलला, त्या विकर्णाची आठवण मात्र ठेवली आहे. जाणत्याचे मौन अन्यायाला बळ देते, हे आपल्याला नवे नाही.

पण मग न्यायाचा तराजू सर्वांना सारखा हवा. मालिका चालू असतानाच संशयाची वार्ता कॉमिस्की यांच्याही कानावर गेली होती. त्यांनी माहितीसाठी बक्षीस जाहीर केले हे खरे. पण पुढच्या हंगामात त्यातल्या बहुतेक खेळाडूंना पुन्हा करार देऊन मैदानात उतरवले, हेही तितकेच खरे. त्यांचे मौन व्यवहारचातुर्य ठरले. १९३९ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव मानाने झळकले. बकच्या मौनाला मात्र जन्मठेप मिळाली.

शिवाय बोलणे एवढे सोपे असते काय? आपल्या भाषेतच पाहा ना. सोबत्याचे गुपित सांगणाऱ्याला आपण 'चहाडखोर' म्हणतो, 'चुगलखोर' म्हणतो, 'घरभेदी' म्हणतो. गप्प बसणाऱ्याचे मात्र 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' म्हणून कौतुक होते. लहानपणापासून मुलांना आपण हेच शिकवतो, आणि पुढे कधीतरी तेच मूल बरोबर त्या शिकवणीप्रमाणे वागले, की विचारतो, तू आधी का नाही बोललास? बक वीव्हर बहुधा असाच एक शहाण्यासारखा वाढवलेला माणूस होता.

या हकीकतीला एक शेपूट आहे. २०२५ च्या मे महिन्यात बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवले की, कायमची बंदी खेळाडूच्या मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे बक वीव्हरचे नाव काळ्या यादीतून गळले. त्याला जाऊन तेव्हा एकोणसत्तर वर्षे झाली होती. पण ते नाव एकटे गळले नाही. ज्यांनी पैसे घेतले होते, त्यांच्यासकट सगळ्यांची नावे एका फटकाऱ्यात गळली. माझा निवाडा वेगळा करा, एवढेच तो १९२१ मध्ये मागत होता. शिक्षा झाली तेव्हा ती सर्वांबरोबर झाली, आणि सुटका झाली तीही सर्वांबरोबरच. त्याचा खटला वेगळा असा अजून चाललेलाच नाही.