पाण्याकडून शीतकाकडे : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यांच्या निगराणीचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. मोटारीच्या इंजिनातील जुने शीतक घरच्या अंगणात काढून नवे भरणे ही अशीच एक उपेक्षित कृती होय. पाणी गोठू नये म्हणून जगाने स्वीकारलेला द्रव, जेथे पाणी गोठतच नाही अशा वर्धा जिल्ह्यात का आला आणि त्यामुळे काय पालटले, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

आरंभीच्या मोटारींत साधे पाणीच शीतकाचे काम करी. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ जातीच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे व रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. थंड देशांत ते गोठून इंजिन तडके, म्हणून त्यात मद्यार्क किंवा ग्लिसरीन मिसळीत. फ्रेंच रसायनज्ञ व्युर्त्झ याने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेले इथिलीन ग्लायकॉल अमेरिकेत १९२७ साली ‘प्रेस्टोन’ या नावाने या कामासाठी विक्रीस आले.

वर्धेची अडचण याच्या उलट होती. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सबब भय होते ते पाणी उकळण्याचे. त्यावर सोपा उपाय म्हणजे विहिरीचे ताजे पाणी ओतणे. तथापि जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा असल्याने तेथील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापल्यावर ते रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. म्हणजे जो मालक वारंवार पाणी बदली, तोच नकळत नवे क्षार आत घाली! ग्लायकॉल व शुद्ध पाणी यांचे समभाग मिश्रण सुमारे १०८ अंशांवर उकळते, दाबाच्या झाकणाखाली त्याहूनही वर. शिवाय त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. सारांश, गोठणरोधक म्हणून जन्मलेला हा द्रव येथे उपयोगी ठरला तो उष्णता व गंज यांवरील उपाय म्हणून.

कृतीचा बाह्य क्रम फारसा बदललेला नाही. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण काढावे, खालची तोटी उघडून द्रव पसरट भांड्यात घ्यावा, आतील भाग स्वच्छ पाण्याने धुवावा, क्षारविरहित पाण्यात मिसळलेले नवे शीतक भरावे, इंजिन चालवून अडकलेली हवा निघू द्यावी व पातळी पुन्हा पाहावी. बदलले आहे ते त्या भांड्याचे महत्त्व. साधे पाणी तोटीतून थेट अंगणात सोडले तरी बिघडत नसे. ग्लायकॉल मात्र गोडसर विष आहे. यकृतात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. सुमारे १०० मिलिलिटर द्रव प्रौढ माणसासही मारक ठरू शकतो. मग अंगणातील डबके चाटणाऱ्या कुत्र्याची वा मांजराची काय कथा?

१९३४ साली वर्धेत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व स्वावलंबी श्रमाचा विचार येथे रुजला. स्वतःच्या हाताने शीतक बदलणारा गृहस्थ त्या विचारापासून फार दूर नाही. परंतु स्वावलंबनाची कसोटी नवे भरण्यात नसून जुने कोठे जाते यात आहे. ते गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता बंद डब्यात साठवून योग्य विल्हेवाटीसाठी सोपविले, तरच ही कृती पूर्ण झाली असे म्हणता येईल.