रोज किती शब्द लिहिले, हे मोजणारं वेब ॲप कसं तयार होतं? मराठीत ते कुठे चुकतं?

'रोज ५०० शब्द लिहायचेच' असा संकल्प अनेक जण करतात. तो पाळला जातोय का, हे दाखवणारी वेब ॲप्सही आहेत. लिहायला एक चौकट, खाली शब्दांचा आकडा आणि सलग किती दिवस लिहिलं हे सांगणारी 'स्ट्रीक', एवढंच त्यात असतं. बनवायला हे सोपं वाटतं. पण शब्द कशाला म्हणायचं आणि दिवस कधी संपतो, हे आधी नीट ठरवलं नाही, तर ॲप लिहिणाऱ्याची मेहनत शून्यही दाखवू शकतं.

ही सवय आली कुठून?

इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे आणि रोजच्या पानांची नोंद ठेवायचे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनीच हे सांगितलं आहे. १९९९ साली अमेरिकेत 'नॅनोरायमो' हा उपक्रम सुरू झाला. महिन्याभरात ५० हजार शब्द, म्हणजे दिवसाला साधारण १,६६७ शब्द लिहायचं हे आव्हान जगभर पोहोचलं.

ॲप नेमका कसला हिशेब करतं?

मुळात तीनच नोंदी लागतात: तारीख, त्या दिवशीचे शब्द आणि उद्दिष्ट. समजा, ५० हजारांपैकी पहिल्या १० दिवसांत १० हजारच शब्द झाले. उरलेल्या २० दिवसांसाठी चांगलं ॲप रोजचा नवा आकडा सांगतं, २ हजार. मागे पडल्यावर नुसता लाल रंग दाखवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी ठरतं.

मराठीत मोजणी का चुकते?

शब्द ओळखण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये सर्रास वापरली जाणारी एक खूण फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ओळखते. त्यामुळे मराठीतल्या अख्ख्या पानाची शब्दसंख्या शून्य येते. 'सगळ्या भाषांची अक्षरं मोज' असं सांगितलं तरी अडचण संपत नाही. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, उकार आणि हलन्त यांची नोंद अक्षरांहून वेगळ्या गटात आहे. त्यामुळे 'पुस्तक' या एका शब्दाचे 'प', 'स' आणि 'तक' असे तीन तुकडे होतात. आकडा फुगतो आणि उद्दिष्ट खोटंच पूर्ण होतं.

यावरचा सोपा उपाय म्हणजे शब्द मोकळ्या जागेवरून तोडायचे. नाहीतर ही चिन्हंही अक्षरांसोबत धरायची.

स्ट्रीक विनाकारण का तुटते?

अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेनुसार (यूटीसी) चालतात. त्यांचा नवा दिवस भारतात पहाटे साडेपाचला सुरू होतो. कुणी सोमवारी पहाटे ५ ला लिहिलं, तर सर्व्हर ते रविवारच्या खात्यात टाकतो. मंगळवारी सकाळी ६ ला लिहिलेलं मात्र मंगळवारच्याच खात्यात जातं. सोमवार कोरा दिसतो आणि कित्येक दिवसांची स्ट्रीक तुटते. म्हणून दिवस मोजायचा तो लिहिणाऱ्याच्या घड्याळानुसार.

खोडलेल्या शब्दांचं काय?

एखाद्याने ४०० नवे शब्द लिहिले आणि जुने ६०० काढले, तर नुसती वजाबाकी करणारं ॲप उणे २०० दाखवेल. खरं तर संपादन हेही लेखनच. त्यामुळे नवे आणि काढलेले शब्द वेगळे दाखवावेत किंवा मिनिटांचं उद्दिष्ट ठेवण्याची सोय द्यावी. नाहीतर आकडा टिकवण्यासाठी नको ती वाक्यंही तशीच ठेवली जातात.

लिहिलेलं सुरक्षित राहतं का?

मजकूर फक्त ब्राउझरमध्ये साठवला असेल, तर ब्राउझरचा डेटा साफ करताना तोही जातो. सर्व्हरवर ठेवला, तर सेवा बंद पडण्याची शक्यता असतेच. 'नॅनोरायमो' चालवणाऱ्या संस्थेनेही २०२५ साली काम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

म्हणून असं ॲप बनवताना 'माझं सगळं लेखन डाउनलोड करा' हे बटण पहिल्याच दिवशी असायला हवं. वापरणाऱ्यांनीही लिहायला सुरुवात करण्याआधी ते आहे का, हे पाहून घ्यावं. स्ट्रीक तुटली तर पुन्हा सुरू करता येते, हरवलेला मजकूर पुन्हा तसाच लिहिता येत नाही.