चिकटून राहणारा जिवाणू : सेल्युलोज फोडण्याच्या शोधातील एक वळण

ऑक्टोबर संपत आला की पंजाब-हरियाणातील शेतांत भाताचे काड पेटते आणि दिल्लीची हवा देशभराची बातमी होते. तिच्या मागोमाग काडापासून इथेनॉल तयार करणाऱ्या प्रकल्पांच्या बातम्या येतात. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा प्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला सुमारे २ लाख टन काड आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल ही त्याची घोषित क्षमता. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. जाळण्यात आणि आंबवण्यात जो फरक आहे, तो एका रेणूपाशी येऊन थांबतो. तो रेणू म्हणजे सेल्युलोज. त्याला वश करण्याचा इतिहास आपल्या बातम्यांत क्वचितच येतो, म्हणून हे टिपण.

पिष्ट आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक आहे तो दोन कड्यांमधील बंधाच्या दिशेत. तेवढ्याने पिष्टाची साखळी वळते, सेल्युलोजची मात्र सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारी शेजारी बसतात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत. १९९८ मध्ये रिचर्ड वोल्फेन्डेन आणि सहकाऱ्यांनी अनुमान काढले की विकर नसेल, तर २५ अंश सेल्सियसला पाण्यात असा बंध तुटण्याचे अर्धायुष्य सुमारे ४७ लाख वर्षे भरते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अर्धायुष्य म्हटले की किरणोत्सर्गी अणू आठवतात. गवताच्या काडीबाबत हा आकडा प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असे मला वाटले होते.

या विकरांचा पद्धतशीर अभ्यास युद्धाने घडवला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजू लागले. सॉलोमन बेटांवरील अशाच कापडावरून मिळालेल्या बुरशीचा वाण पुढे ‘क्यूएम६ए’ या नावाने प्रसिद्ध झाला. ज्या एल्विन रीस यांनी तिच्यावर आयुष्य वेचले, त्यांच्या सन्मानार्थ १९७७ मध्ये तिला ‘ट्रायकोडर्मा रीसेई’ हे नाव मिळाले. कापड वाचवण्यासाठी सुरू झालेल्या संशोधनातून कापड खाणाऱ्या विकरांचा उद्योग उभा राहिला, हा विनोद इतिहासाचाच. रीस आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडलेली कल्पना अशी : एक घटक घट्ट रचना आधी सैल करतो, मग दुसरे घटक मोकळ्या साखळ्या कापतात. बुरशी विकरे बाहेर सोडते, ती द्रवात विखुरतात आणि ज्याचे त्याचे काम करतात, हेच चित्र त्यानंतर दीर्घकाळ प्रमाण राहिले.

उष्णताप्रेमी जिवाणूची कथा त्याहून जुनी आहे. १९२६ मध्ये विल्यून, फ्रेड आणि पीटरसन यांनी शेणखतातून ऑक्सिजनविना जगणारा, सुमारे ६० अंशांना सेल्युलोज आंबवणारा जिवाणू वर्णिला : क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम. त्याला शुद्ध स्वरूपात वाढवणे मात्र कठीण होते, कारण तो जी साखर मोकळी करतो तिच्यावर जगणारे सोबती त्याला सोडत नाहीत. मॅकबी यांचे शुद्ध संवर्धनावरील काम प्रसिद्ध झाले ते १९४८ मध्ये.

खरे वळण आले १९८३ मध्ये, तेल अवीव येथे. एड बायर आणि राफाएल लामेड यांनी विचारलेला प्रश्न ‘हा जिवाणू सेल्युलोज कसे कापतो’ हा नव्हताच. ‘तो त्याला चिकटतो कसा’ हा होता. त्यांनी न चिकटणारा उत्परिवर्ती वाण वेगळा केला. मूळ जिवाणूविरुद्ध सशाच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे घेऊन ती या उत्परिवर्ती पेशींत मिसळली. दोन्ही वाणांत समान असलेल्या घटकांना धरणारी प्रतिपिंडे अशा रीतीने निघून गेली. उरली ती केवळ चिकटणाऱ्या घटकाला ओळखणारी. त्यांच्या साहाय्याने तो घटक शोधला, तेव्हा एखादे साधे डिंकासारखे प्रथिन हाती येईल अशी अपेक्षा होती. हाती आला सुमारे २१ लाख डाल्टनचा, अनेक प्रथिनांचा संघात. आणि त्यातील बरीचशी प्रथिने सेल्युलोज कापणारी विकरे निघाली! चिकटणे आणि कापणे ही एकाच यंत्राची कामे होती. त्या यंत्राला त्यांनी ‘सेल्युलोसोम’ म्हटले.

पुढील दशकात त्याची रचना उलगडली. मध्ये एक लांब प्रथिन, बांधकामाच्या परांचीसारखे. त्यावर नऊ खाचा. प्रत्येक विकराला एक खुंटी, आणि ती खाचेत घट्ट बसण्यासाठी कॅल्शियम लागते. परांचीवरच सेल्युलोजला धरणारा भाग असतो, तर तिचे दुसरे टोक पेशीच्या पृष्ठभागाशी जोडलेले असते. साखळीला मधेच तोडणारे विकर आणि टोकापासून कुरतडत जाणारे विकर अशा रीतीने शेजारी येतात. एकाने केलेले नवे टोक दुसऱ्याला तिथेच सापडते. सुटलेली साखरही पेशीच्या दाराशीच पडते. बुरशीच्या विखुरलेल्या विकरांना ही सोय नाही.

प्रत्येक उष्णताप्रेमी जिवाणूने हाच मार्ग धरला असे मात्र नाही. कामचात्कातील उष्ण झऱ्यातून मिळालेला, ७५ अंशांच्या वर आनंदाने वाढणारा कॅल्डिसेल्युलोसिरप्टर बेस्की परांची बांधत नाही. त्याच्या सेल-ए या एकाच विकराला कापण्याचे दोन भाग आहेत. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली दिसले की ते नुसते पृष्ठभाग खरवडत नाही, तर सेल्युलोजमध्ये खड्डे खणत जाते.

उष्णतेचे महत्त्व इथे नीट समजून घ्यावे. ६० किंवा ७५ अंशांचे तापमान स्वतः सेल्युलोज फोडत नाही. वोल्फेन्डेन यांच्या आकड्यापुढे तेवढी वाढ नगण्य आहे. लाभ वेगळा आहे. विकराची गती वाढते, परके जंतू टिकत नाहीत, आणि अशा तापमानासाठी घडलेले प्रथिन सहजी उलगडत नसल्याने अधिक काळ कामास येते. काडाला विकरांपूर्वी सहसा वाफ आणि आम्ल यांतून जावे लागते. नंतर ते बुरशीच्या विकरांना मानवेल अशा ५० अंशांच्या आसपास थंड करावे लागते. इथेनॉलच्या खर्चात विकरांचा वाटा मोठा, हे ध्यानात घेतले तर टिकाऊ विकराचे मोल कळते.

आज बाजारात मिळणारी बहुतेक सेल्युलोज-विकरे बुरशीचीच, आणि त्यांतील कित्येकांची वंशावळ सॉलोमन बेटांवरील त्या कापडापर्यंत पोहोचते. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमला आता ‘अ‍ॅसेटिव्हिब्रिओ थर्मोसेलस’ हे नवे नाव मिळाले आहे. बुरशीसारखी मोठ्या प्रमाणावर विकरे बाहेर टाकण्याची क्षमता मात्र त्याला नाही. म्हणून काही प्रयोगशाळा निराळ्या वाटेने निघाल्या आहेत : खाचा आणि खुंट्या उसन्या घेऊन, हवी ती विकरे हव्या त्या क्रमाने बसवलेली परांची स्वतःच रचायची. भाताच्या काडात सिलिकाही भरपूर असते. त्या काडावर कोणती विकरे शेजारी बसवावीत, हा प्रश्न भारतीय प्रयोगशाळांच्या अगदी दाराशी आहे.