आमची पट्टी

महिला भजनी मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एका रंगाच्या साड्या आणि टाळ येतात. थोडं हसूही येतं. पण मंडळी, हा इतिहास जितका भक्तीचा, तितकाच बायकांनी उंबरठा ओलांडण्याचाही आहे.

मुक्ताबाई, जनाबाई तेराव्या शतकातल्या. म्हणजे देवाचं गाणं बाईच्या तोंडी आपल्याकडे परकं नव्हतंच. अडचण होती ती चारचौघांत गाण्याची. शंभर वर्षांपूर्वी घरंदाज बाईने लोकांसमोर गाणं कमीपणाचं मानत. संगीत नाटकातल्या नायिकाही बालगंधर्वांसारखे पुरुष रंगवत. पुढे चित्र बदललं. पलुसकरांचं गांधर्व महाविद्यालय लाहोरनंतर १९०८ साली मुंबईत आलं. १९२५ साली प्रा. बा. र. देवधरांनी इथे 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' काढलं. मध्यमवर्गातल्या मुली गाणं शिकू लागल्या. लग्नानंतर मात्र बहुतेकींचं गाणं स्वयंपाकघरात विरून जाई.

भजनाने वाट काढली. "भजनाला जाते" म्हटल्यावर सासूही अडवत नसे!

तरी एक गोष्ट राहिलीच होती. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांची भजनं गाजत, पण तिथे बुवा, पेटी, पखवाज सगळं पुरुषांकडे. अनेक महिला मंडळांतही गायला बायका आणि पेटीवर कुणीतरी बुवा, असाच प्रकार असे. निवृत्तीनंतर मी दादरच्या ज्या मंडळात गेले, तिथेही तसंच होतं. बुवा स्वतः गात, म्हणून पट्टी त्यांची, काळी एक. आमचे आवाज खाली खर्जात घुटमळत. आम्हाला वाटे, वय झालं, आता आवाज असाच राहायचा.

पुढे बुवा विरारला राहायला गेले आणि येणं थांबलं. मग साठी ओलांडलेल्या आम्ही तिघी पेटी शिकलो, चौथीने तबला घेतला. काळी चार धरली, आणि आवाज मोकळा झाला! वय आड आलं नव्हतं, पट्टी आड आली होती.

पेटी तरी कुठे मानाची होती? मूळची युरोपातली. तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर ठेवलं, ते थेट १९७१ पर्यंत. चाळीच्या खोलीत मात्र ती सुखाने नांदली.

चाळीत आम्ही अमक्याची आई नाहीतर तमक्या काकू. मंडळात एकमेकींना नावाने हाक मारू लागलो. एकीचे यजमान गेले, तेव्हा तेराव्यानंतर आम्हीच तिला हाताला धरून तालमीला आणलं. त्या दिवशी ती गायली नाही, नुसता टाळ धरून बसली. तेवढंही पुरलं.

आता चाळी पाडून टॉवर होताहेत. मैत्रिणी डोंबिवली-बदलापूरला पांगल्या. या मंडळांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो आहे हाताने उतरवलेल्या भजनांच्या वह्यांत, समासात लिहिलेल्या पट्टीसकट. तुमच्या आईची, आजीची अशी वही घरात असेल, तर कृपा करून रद्दीत घालू नका.