परदेशस्थ विद्यार्थ्याची सुटी : विठ्ठल रामजी शिंदे

कै. विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) हे १९०१ पासून १९०३ पर्यंत ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजांत तौलनिक धर्माचे अध्ययन करीत होते, हे सर्वश्रुत आहे. पाली भाषा, आचार्य एस्टलिन कार्पेंटर आणि ॲम्स्टरडॅमची १९०३ ची धर्मपरिषद एवढे सांगून लेखक बहुधा पुढे जातात. शहरे पाहण्याचे व गाणेबजावणे ऐकण्याचे दिवस ते करमणूक म्हणून गाळतात. आमच्या मते हे योग्य नव्हे. १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापणाऱ्या पुरुषाने परदेशी काय पाहिले, ह्याची साक्ष ह्याच दिवसांत शोधावी लागेल.

वारकरी पित्याच्या घरी टाळमृदंग ऐकत वाढलेला हा विद्यार्थी ऑर्गनच्या देशांत गेला, हे संगीतविषयक नोंदी वाचतांना विसरू नये.

साधने त्रिविध आहेत. मार्सेय, पॅरिस, लंडन ह्या शहरांवरील पत्रे प्रार्थनासमाजाच्या ‘सुबोधपत्रिके’करिता, म्हणजे समाजबंधूंनी वाचावी म्हणून लिहिलेली, रोजनिशी स्वतःपुरती, ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हा ग्रंथ तर उतारवयातला. पहिली दोन श्रुती मानावी, तिसरी स्मृती. आणि विरोध आल्यास मीमांसकांच्या न्यायाने श्रुतीच बलवत्तर. (श्रुतींतही सभेपुढचा स्वर निराळा, एकांतातला निराळा!)

‘सुबोधपत्रिके’चे त्या वर्षांचे सुटे अंक जुन्या दप्तरांत असू शकतात. आमच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावीही माळ्यावरची रद्दी विकण्यापूर्वी संग्राहकांनी ती एकवार चाळावी, आणि समासांतील हस्ताक्षर दिसल्यास अंक बांधणीस देऊन कडा कापून घेऊ नयेत.